क्रिमिनॉलॉजी केलंस ना, मग पोलिसात का नाही गेलीस?

क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, आणि हा प्रश्न मला साताऱ्याच्या काकांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, आणि हल्ली इन्स्टावर बारावीतली पोरं विचारतात, फक्त त्यांचं व्हर्जन असतं "ताई, क्रिमिनॉलॉजी केलं की डायरेक्ट सीआयडीत घेतात का?" नाही घेत रे बाळांनो. पीएसआय व्हायचं तर एमपीएससी द्या, त्याला कुठलीही डिग्री चालते, बीए मराठी चालतं, बीकॉम चालतं, आणि ग्राउंडला पळताना तुमची डिग्री कुणी बघत नाही. सीबीआयला सब-इन्स्पेक्टर व्हायचं असेल तर एसएससी सीजीएल, म्हणजे स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधरांची परीक्षा. सीआयडीत तर पोलीस खात्यातलेच लोक बदलून जातात. म्हणजे वर्दी हवी असेल तर क्रिमिनॉलॉजीची दोन वर्षं घालवायची काही गरज नाही, सरळ अभ्यासिका लावा.

दुसरा घोळ फॉरेन्सिकचा. लोकांना वाटतं क्रिमिनॉलॉजी म्हणजे रक्ताचे डाग, बोटांचे ठसे, पांढरा कोट. ते फॉरेन्सिक सायन्स, त्याला बीएस्सी-एमएस्सी लागते, केमिस्ट्री-बायो आवडायला लागतं, आणि खरं सांगू का, आत्ता नोकरीच्या हिशोबाने त्यांचे दिवस बरे आहेत, कारण १ जुलै २०२४ पासून जी नवीन बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली तिच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांपर्यंतची सवलत आहे पण माणसं तर लागणारच ना. आपल्याकडे मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी फॉरेन्सिक इन्स्टिट्यूट आहेत, गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहे, तिचा गोव्यातही कॅम्पस आहे. ज्यांना लॅब हवीय त्यांनी तिकडे जावं, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आता क्रिमिनॉलॉजी. मी एमए मुंबईत केलं, देवनारला, टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये. तिथे हा कोर्स सोशल वर्कच्या घरातला आहे, एमए सोशल वर्क आणि त्यात क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस. हे घर कुठलंय त्यावर सगळं ठरतं. मध्य प्रदेशात सागरला आणि कर्नाटकात धारवाडला क्रिमिनॉलॉजी फॉरेन्सिकच्या शेजारी बसते, मद्रास युनिव्हर्सिटीत तिचा स्वतंत्र विभाग आहे, काही ठिकाणी लॉच्या खाली एक पेपर म्हणून येते. नाव एकच पण बाहेर पडणारी माणसं वेगवेगळी. त्यामुळे ॲडमिशन घेताना कॉलेजचं रँकिंग नंतर बघा, आधी सिलॅबसची पीडीएफ उघडून फील्डवर्क किती आहे ते बघा.

पहिल्या सेमिस्टरला थिअरी, आणि थिअरी म्हटल्यावर लोंब्रोझो आलाच. चेझारे लोंब्रोझो, इटलीचा डॉक्टर, १८७६ साली त्याने मांडलं की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि ते त्यांच्या जबड्यावरून, कानांवरून, हातांच्या लांबीवरून ओळखता येतं. वर्गात सगळे हसले. मग सरांनी विचारलं, १८७१ साली आपल्याकडे काय झालं? तेव्हा हसणं बंद झालं, कारण त्याच्या पाच वर्षं आधीच इंग्रजांनी इथे क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या होत्या, पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला, हजेरी लावा, परवानगीशिवाय गाव सोडू नका, सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरात तो शिक्का निघाला, विमुक्त दिन म्हणतात तो हाच. पण लगेच मागोमाग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आपला मुंबईचा १९५९ चा. आणि आजही गावात चोरी झाली की पहिली धाड कुणाच्या पालावर पडते हे मी सांगायला नको. माझ्या वर्गात पारधी समाजातला, म्हणजे असाच शिक्का बसलेल्या जमातीतला, एक मुलगा होता, त्या तासाला तो एक शब्द बोलला नाही, आणि पुढे सेमिनारसाठी त्याने बरोबर तोच विषय घेतला.

मग सदरलँड, अमेरिकेचा समाजशास्त्रज्ञ. त्याने १९३९ मध्ये म्हटलं की बाबांनो गुन्हा म्हणजे फक्त गरिबाची चोरी नाही, टाय लावून ऑफिसात बसलेला माणूस जो करतो तोही गुन्हाच, आणि गुन्हा हा शिकला जातो, कुणाच्या संगतीत राहता त्यावर. आजी हेच सांगायची ते सोडा. पण हा माणूस मला आत्ताच्या नोकरीत रोज भेटतो, त्यावर येते पुढे.

या कोर्सचा जीव फील्डवर्कमध्ये आहे. मी जेलमध्ये जायचे. बाहेरच्यांना वाटतं जेलमध्ये शिक्षा झालेले लोक असतात. एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा आकडा बघा, देशभरात ५,७३,२२० कैदी, त्यातले ४,३४,३०२ अंडरट्रायल, म्हणजे चारातले तीन जण असे की ज्यांचा निकालच लागलेला नाही. कच्चे कैदी म्हणतात त्यांना. आणि त्यातले काही असेही की ज्यांना जामीन मिळालाय, ऑर्डर झालीय, तरी आतच. कारण ऑर्डरमध्ये लिहिलंय पंधरा हजारांचा जामीनदार. आता जामीनदार म्हणजे तो माणूस स्वतः कोर्टात यायला हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, आधार हवं, पगाराची स्लिप नाहीतर सातबारा नाहीतर तहसीलदाराचं सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ऐपतीचा दाखला हवा, मग त्याचं व्हेरिफिकेशन. मोबाईल चोरीत आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला, जो लातूरकडून येऊन नाक्यावर काम करत होता, त्याला कोण असा जामीनदार आणून देणार? बरं, घरच्यांना कळवावं तर त्याला नंबर पाठ नाही, कारण नंबर मोबाईलमध्ये आणि मोबाईल पोलीस स्टेशनला जमा. माझं काम काय, तर त्याच्याकडून गावाचं नाव, तालुका, मारुतीच्या देवळाजवळ कुणाचं दुकान आहे असलं सगळं काढून घ्यायचं, ग्रामसेवकाचा नंबर मिळवायचा, त्याच्याकडून रेशन दुकानदाराचा, आणि दुकानदाराला पटवायचं की आईला बोलावून आणा. आई फोनवर आली की आधी रडणार, मग विचारणार "किती पैसे भरायचे, वकील म्हणतो पन्नास हजार". तिला समजवायचं की पैसे भरायचे नसतात, माणूस उभा करायचा असतो, आणि तेही जमत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट वकील कॅश बेलसाठी (जामीनदाराऐवजी कोर्टात रक्कम जमा करायची) किंवा पर्सनल बाँडसाठी (स्वतःच्याच हमीवर सुटायचं) अर्ज टाकेल. फोन ठेवल्यावर पुढची फाईल. हे काम टिसचाच 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून करतोय. कुठल्याही वेब सिरीजमध्ये हे दाखवणार नाहीत, पण क्रिमिनॉलॉजी शिकलेला माणूस बऱ्याचदा हेच करत असतो.

बरं, पोटापाण्याचं. 'क्रिमिनॉलॉजिस्ट पाहिजे' अशी जाहिरात मी आजवर बघितलेली नाही, 'प्रोफायलर पाहिजे' (गुन्ह्यावरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधणारा) तर नाहीच नाही, त्यामुळे तीन महिन्यांत प्रोफायलर बनवणाऱ्या ऑनलाइन डिप्लोमाला पैसे देण्याआधी एकदा विचार करा. नोकऱ्या आहेत पण वेगळ्या नावाने लपलेल्या. परिविक्षा अधिकारी घ्या, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारा, १९५८ चा कायदा आहे त्याचा, महाराष्ट्रात महिला व बालविकास विभागाकडे येतो, लोकांना बँकेचा पीओ वाटतो. अल्पवयीन मुलाला बाल न्याय मंडळासमोर पहिल्यांदा आणलं की पंधरा दिवसांत त्याच्या घरचा, शाळेचा, संगतीचा रिपोर्ट द्यायचा असतो, तो हाच माणूस देतो, आणि त्या चार-पाच पानांवर पोराचं बरंच काही ठरतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी पदं असतात, संरक्षण अधिकाऱ्याला मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या नियमात महिना २७,८०४ रुपये, आणि विधी तथा परिविक्षा अधिकारी व्हायचं तर एलएलबी लागतं. पुण्या-मुंबईत या पैशात भाडं जाऊन काय उरतं तुम्हीच बघा. मी एका संस्थेत होते तिथे फंडिंग अडकलं की पगार दोन-दोन महिने पुढे जायचा आणि मीटिंगमध्ये सेवाभावावर भाषण व्हायचं, सेवाभावाने ईएमआय जात नाही हो.

नेट देऊन शिकवायला जाता येतं, क्रिमिनॉलॉजी हा युजीसी नेटचा वेगळा विषय आहे, पण विभागच मोजके त्यामुळे जागा मोजक्या.

मी शेवटी बँकेत गेले, मनी लाँडरिंगवर, म्हणजे गुन्ह्यातला पैसा पांढरा करण्यावर, नजर ठेवणारी टीम. मैत्रिणी म्हणाल्या विकली गेलीस. असू दे. काम असं की स्क्रीनवर अलर्ट येतात, समजा एखाद्या कॉलेजच्या पोराचं सेव्हिंग्ज खातं, वर्षभर त्यात तीन-चार हजारांच्या वर काही नाही, आणि एका रात्रीत वेगवेगळ्या राज्यांतून चाळीसेक यूपीआय येतात आणि सकाळ व्हायच्या आत खातं रिकामं. म्यूल अकाउंट, म्हणजे फसवणुकीचे पैसे फिरवायला वापरलेलं दुसऱ्याचं खातं. पोराने पाच-दहा हजारांसाठी एटीएम कार्ड आणि सिम 'मित्राला' वापरायला दिलेलं असतं. दहा लाखांच्या वर कॅश गेली तर बँकेला कळवावं लागतं म्हणून नऊ लाख ऐंशी हजार भरणारे शेठही भेटतात, ते रोजचेच. संशय पक्का झाला की एफआययूला, म्हणजे अशा व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेला, रिपोर्ट जातो. नियम कुणीही पाठ करेल, पण ते पोरगं कुणाच्या संगतीने इथवर आलं आणि त्याच्यामागे टाय लावलेला कोण बसलाय हे विचारायची सवय मला सदरलँडने लावली, एमबीएवाल्या सहकाऱ्यांना खातं दिसतं, मला आधी पोरगं दिसतं. पगार जेलच्या कामापेक्षा कितीतरी बरा आहे. आणि जेलच्या कामाची आठवण येते का तर येते, शनिवारी जाते अजून, जमेल तसं.

तर ज्यांना अजूनही करायचंय त्यांच्यासाठी: टिसला आता सीयूईटी पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं, कुठलंही ग्रॅज्युएशन चालतं. फॉर्म भरायच्या आधी एक करा, जवळच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात सुट्टी नसलेल्या दिवशी साडेदहा-अकराला जाऊन मागच्या बाकावर बसा. ओपन कोर्ट असतं, शक्यतो कुणी काही विचारत नाही, फोन तेवढा सायलेंटवर ठेवा. दुपारपर्यंत नुसत्या तारखा पडताना बघा, रिमांडला आणलेली पोरं बघा, बाहेर पॅसेजमध्ये डबा घेऊन उभ्या असलेल्या बायकांशी बोला. जेवायच्या सुट्टीनंतरही परत आत जाऊन बसावंसं वाटलं तर भरा फॉर्म.