जहाज थांबणार नाही: ऱ्हाइन-डॅन्यूबच्या क्रूझवर फोटो काढताना

साताऱ्याहून किंवा सांगलीहून युरोपला निघालेली मंडळी कॅमेऱ्याबद्दल विचारतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणती लेन्स घेऊ? नदीवरच्या क्रूझसाठी त्याआधी दोन गोष्टी विचारायला हव्यात. जहाज प्रवाहासोबत जाणार की प्रवाहाविरुद्ध? आणि किल्ल्यांच्या पट्ट्यात साधारण किती वाजता असणार? अजिंक्यताऱ्यावर ऊन कलेपर्यंत बसून राहता येतं. जहाजावर वेळ तुमच्या हातात नाही, कॅप्टन तुमच्यासाठी थांबणार नाही. कोणत्या बाजूला उभं राहायचं आणि शटर किती ठेवायचं, म्हणजे ते सेकंदाच्या किती भागापुरतं उघडायचं, एवढंच हातात उरतं.

आधी बाजूचं बघू. नदीचा डावा-उजवा काठ नेहमी प्रवाहाच्या दिशेला तोंड करून ठरतो. ऱ्हाइनचा प्रसिद्ध घळीचा भाग जर्मनीत, रूडेसहाइम-बिंगेनपासून कोब्लेंझपर्यंत, सुमारे ६५ किलोमीटरचा. युनेस्कोच्या यादीत तो २००२ पासून आहे. इथे नदी ढोबळमानाने उत्तरेकडे वाहते, म्हणजे डावा काठ पश्चिमेचा आणि उजवा पूर्वेचा. सकाळचं ऊन पूर्वेकडून येऊन डाव्या काठावर पडतं, तेव्हा राइनस्टाइन, बाखाराखच्या वरचा श्टालेक, ओबरवेसेलच्या वरचा शोएनबुर्ग हे किल्ले उजळलेले मिळतात. दुपारनंतर पाळी उजव्या काठाची, म्हणजे लोरेलायचा कडा, काट्झ किल्ला आणि पुढे ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग किल्ला. जहाज प्रवाहासोबत चाललं असेल तर डावा काठ तुमच्या डाव्या हाताला, उलट चाललं असेल तर उजव्या हाताला. हे निघण्याआधी कागदावर लिहून ठेवा. लाउडस्पीकरवर घोषणा झाली की सगळा डेक एकाच कठड्याकडे धावतो आणि बरेचदा धावतो ती सावलीची बाजू असते.

ऱ्हाइनच्या काठावर मोठ्या आकड्यांच्या किलोमीटरच्या पाट्या आहेत. मोजणी कॉन्स्टान्झच्या पुलापासून सुरू होते. काउबजवळ नदीच्या मधोमध बेटावर उभा असलेला फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला किलोमीटर ५४६ च्या आसपास आहे आणि लोरेलायचा कडा ५५४ च्या. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने या दोघांमध्ये जेमतेम पंचवीस मिनिटं मिळतात. पाटीवर ५४४ दिसला की जेवणाचं ताट बाजूला ठेवून पुढच्या टोकाला जायचं. बेट समोर असतानाच तो पांढरा किल्ला आणि वरच्या उतारावरचा गुटेनफेल्स किल्ला एका चौकटीत येतात. जहाज बेटाच्या बरोबरीला आलं की ती संधी गेली. डॅन्यूबची मोजणी मात्र उलटी, समुद्राकडून वर. त्यामुळे ऑस्ट्रियात मेल्कहून क्रेम्सकडे प्रवाहासोबत जाताना आकडे २०३६ च्या आसपास सुरू होऊन उतरत जातात.

लोरेलायबद्दल स्पष्टच सांगतो: नुसता कडा टिपला तर घरी कोणाला काही वाटणार नाही. आपल्याकडे त्याहून उंच कडे एसटीच्या खिडकीतून दिसतात. तिथे फोटो आहे तो नदीच्या वळणाचा. वळणात शिरणारं एखादं लांबलचक मालवाहू जहाज आणि वर कडा, असं घेतलं की उंचीही कळते आणि नदी किती अरुंद झाली आहे तेही कळतं.

आता शटर. हिशेब सोपा आहे. ताशी १८ किलोमीटरने जाणारं जहाज सेकंदाला ५ मीटर सरकतं. काठ २०० मीटरवर आणि लेन्स ५० मिलिमीटरची असेल तर सेन्सरवरचं चित्र सेकंदाला सव्वा मिलिमीटर सरकतं. १/२५० सेकंदाच्या शटरला ते होतं ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन), २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवर एका पिक्सेलहून थोडं कमी. चालून जातं. लेन्स २०० मिलिमीटरला नेली की सरकणं चौपट, मग १/१००० हवा. काठ ५० मीटरवर आला तरी तसंच. म्हणून दिवसा १/५०० च्या खाली जायचंच नाही आणि झूम केला की १/१०००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, जहाजाचं पुढे जाणं त्याला सांभाळता येत नाही. इथेच बरेच जण फसतात. समोर, म्हणजे जहाजाच्या दिशेला बघून काढलेल्या फोटोत हे सरकणं फारच कमी असतं, त्यामुळे उजेड कमी झाला की पुढचं टोक गाठायचं.

ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं आणि शटर कॅमेऱ्याने, असा कॅमेरा सोडला तर ढग आला की शटर गुपचूप १/८० वर येतं आणि पडद्यावर छोट्या आकारात ते लक्षातही येत नाही. मॅन्युअल मोड, १/५००, एफ ८ (छिद्राचा आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ऑटो, हे सगळ्यात बिनधास्त. ढगाळ दिवशी एफ ५.६.

याचा सराव करायला बामणोलीसारखी जागा नाही. पावसाळा सोडून कधीही कास ओलांडून खाली उतरा आणि शिवसागरात लाँचने एक फेरी मारा. डिझेल इंजिनाची धडधड क्रूझच्या जहाजापेक्षा जास्तच आहे, त्यामुळे परीक्षा कडक होते. काठावरचं एकच झाड धरा आणि १/६०, १/१२५, १/२५०, १/५००, १/१००० असे पाच फोटो काढा. मग तेच पाच कोपर कठड्यावर टेकवून, आणि पुन्हा पाच कोपर अंगाशी धरून, गुडघे किंचित वाकवून. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठे करून बघा. टेकवलेले फोटो जास्त हललेले निघतील, कारण कठड्यातून इंजिनाची थरथर सरळ कॅमेऱ्यात जाते. क्रूझच्या जहाजावरही तेच आहे. इंजिन मागे असतं, तिथे थरथर जास्त आणि धुराड्याची गरम हवाही. त्या हवेतून झूम केला की किल्ल्याच्या भिंती लहरताना दिसतात. चालत्या जहाजावर ट्रायपॉडचा उपयोग नाही, उलट लोकांच्या पायात येतो.

वरचा सनडेक ही सगळ्यात चांगली जागा, पण तो कधीही बंद होऊ शकतो. नदीवरची मोठी जहाजं १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आतच रुंद असतात, कारण बऱ्याच लॉकची, म्हणजे जहाज वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कप्प्यांची, रुंदी १२ मीटर आहे. उंचीचंही असंच गणित. खालचे पूल आले की कठडे, छत्र्या, खुर्च्या सगळं आडवं पाडतात, कॅप्टनची केबिनसुद्धा खाली बसते, आणि डेकवर कोणाला सोडत नाहीत. त्या वेळी पर्याय म्हणजे केबिनची उघडणारी काच किंवा पुढचा लाउंज.

लाउंजच्या काचेतून काढायचं असेल तर पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिल्टर, काढून ठेवा. कडक केलेल्या काचेतून तो लावला की निळे-जांभळे पट्टे उमटतात. लेन्स काचेला जवळजवळ लावा, पण टेकवू नका, आणि कडेने काळा रुमाल किंवा गडद ओढणी धरा म्हणजे आतले दिवे काचेत दिसणार नाहीत. उघड्यावर मात्र पोलरायझर पाण्याची चमक छान मारतो. त्याच्या बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे १/१००० हवा असताना आयएसओ वर जाणार. वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट होतं, ते नंतर दुरुस्त करताना जीव जातो.

उजेडाचा हिशेब इथल्या सवयीने केला तर चुकतो. साताऱ्यात सूर्य मावळला की पंचवीस मिनिटांच्या आत खेळ खलास. ऱ्हाइन-डॅन्यूबवर जूनमध्ये सूर्य रात्री पावणेनऊ ते पावणेदहाच्या दरम्यान मावळतो आणि त्यानंतर संधिप्रकाश चाळीस मिनिटं टिकतो. जहाजावरचं जेवण सातच्या सुमाराला, म्हणजे जेवून, हात धुऊन, निवांत वर या, खरा उजेड तेव्हाच असतो. ख्रिसमस बाजारांच्या सहलीत उलटं. डिसेंबरात बुडापेस्टला चारच्या आधीच सूर्य मावळतो, दुपारच्या चहाला अंधार. त्या दिवसांत कोरेगाव-खटावच्या उन्हात शिकलेलं एक्स्पोजर विसरा. धुकं किंवा बर्फ असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्यातली उजेड कमी-जास्त करायची सोय) +०.७ ते +१ द्या, नाहीतर सगळं राखाडी येतं.

वाखाऊ खोऱ्यात, मेल्क ते क्रेम्स, सगळ्यांची नजर ड्युर्नश्टाइनवर असते. वर पडका किल्ला, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात तिथे कैदेत होता, आणि खाली पाण्यालगत मठाचा निळा-पांढरा मनोरा. गाव डाव्या काठावर, दक्षिणेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसभर ऊन मिळतं. ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) त्या निळ्याचा कधी कधी मळकट करडा करतो, म्हणून डेलाइटवर ठेवा. किल्ला आणि मनोरा एकत्र हवेत तर कॅमेरा उभा धरायचा.

बुडापेस्टची रात्र हाच बहुतेकांचा मोठा फोटो, आणि तोच सगळ्यात जास्त बिघडतो. वरून येताना मार्गारेट पूल ओलांडला की डाव्या हाताला संसद येते. इमारत २६८ मीटर लांब, घुमट ९६ मीटर उंच. मधल्या पाण्यातून पूर्ण इमारत घ्यायला २४ मिलिमीटर लागते, पण जहाज तेव्हा हळू चालतं, म्हणून १/६० पुरतो. एफ २.८, १/६०, आयएसओ ३२०० इथून सुरुवात करा आणि घुमटाकडे बघून ठरवा. ऑटोला सोडलं तर तो काळं आकाश उजळायला जातो आणि इमारतीची पिवळी भजी करून टाकतो, त्याला -१ द्यावाच लागतो. एकेक न काढता पाच-सहाच्या झटक्यात काढा, त्यातला एखादा कडक निघतो. मोबाइलचा नाइट मोड तीन-चार सेकंदांचे फोटो एकमेकांवर चढवतो, चालत्या जहाजावर त्यात खिडक्या दुहेरी दिसतात. तो बंद करा किंवा एका सेकंदावर आणा, आणि नेहमीची १एक्स लेन्सच वापरा. ट्रायपॉडवरचा फोटो हवाच असेल तर जहाज धक्क्याला लागल्यावर उतरून समोरच्या, म्हणजे शहराच्या ‘बुडा’ भागाच्या काठावर बत्त्यानी चौकात जा, संसद बरोबर समोर येते. बांधलेल्या जहाजावरूनही चार सेकंदांचं एक्स्पोजर नको, शेजारून दुसरी बोट गेली की आपली डुलते.

केबिनची बाजू चांगली मिळावी म्हणून जादा पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. गावोगावी जागा कमी, म्हणून जहाजं एकाला एक लागून बांधतात. तुमच्या बाल्कनीसमोर मग शेजारच्या जहाजातल्या कोणाचे तरी वाळत टाकलेले मोजे.

फोटो तिरका आलाय असं वाटून घरी पाण्याची रेघ सरळ करत बसू नका. काठ तुमच्यापासून दूर वळत गेला की तो सपाट असूनही तिरपा दिसतो. सरळ करायला चर्चचा मनोरा किंवा घराची उभी भिंत धरायची.

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात आणि पाण्याचे रंग वेगळे ओळखू येतात, पण डेकवरून नाही. संगम माहुलीच्या घाटावर उभं राहून कृष्णा आणि वेण्णा एका फोटोत नीट मावत नाहीत, तसंच इथे. समोरच्या ओबरहाउस किल्ल्यावर चढावं लागतं. गाइडकडे आधीच वेळ मागून घ्या.

थंडीत उबदार केबिनमध्ये शिरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि तासभर उघडू नका, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं. उन्हाळ्यात एसीतून बाहेर येताना हेच उलट होतं. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, गारठ्यात ती लवकर उतरते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच चालतात. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथे बसत नाही, बारीक दोन पिनांचा बसतो. कॅमेऱ्याचं घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे घ्या, म्हणजे घरच्या सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो एका क्रमाने लागतात.

आई-बाबांचा, काकूंचा किल्ल्यासोबत फोटो तर हवाच. त्यांना कठड्याला चिकटवून उभं करू नका, कठड्यापासून दोन पावलं आत घ्या आणि तुम्ही मागे सरकून ५० ते ७० मिलिमीटरला काढा. वाइडवर किल्ला मुंगीएवढा होतो. एफ ८ ला दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. छताखाली चेहरा काळा पडत असेल तर थोडा फ्लॅश मारा. वर वारा जोराचा असतो, साडीचा पदर खांद्याला पिन करायला सांगा. मोबाइलला मनगटाची दोरी लावाच.

आणि निघण्याच्या आठवड्यात पाणी बघत जा. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, तसं ऱ्हाइनवाले काउबच्या मापपट्टीवरची पातळी बघतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटिमीटरपर्यंत उतरली होती. पाणी फार कमी झालं की जहाज अडतं, फार वाढलं की पुलाखालून जात नाही, आणि मग तो टप्पा बसने होतो. तसं झालं तर बसमध्ये नदीकडची खिडकी धरा, १/१००० वर या, आणि किल्ल्यांच्या याद्या काढून ठेवलेल्या कागदावर काठ आणि वेळ पुन्हा एकदा जुळवून घ्या.