पाह्यलेलं आणि ऐकलेलं

पंढरीच्या वारीत लोणंद सोडल्यावर वार कळेनासे झाले. पहाटे अंधारात टँकरखाली तोंड धुवायचं, बोचकं ट्रकात टाकायचं आणि विणेकरी नजरेआड होणार नाहीत एवढं अंतर राखून चालायचं. दिवेघाट टाळांच्या नादात सरला होता, जेजुरीला भंडारा डोळ्यांत गेला होता, नीरेत पादुकांचं स्नान झालं ते मी लोकांच्या पाठीमागून टाचा उंचावून पाहिलं. चांदोबाच्या लिंबाला रिंगणात अश्व धावला आणि मला रडू फुटलं. का, ते विचारू नका.

चिडचिड मात्र रोज होत होती. आमच्या दिंडीत एक गृहस्थ होते. मनाने फार चांगले, पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावरच स्वतः जेवायचे. पण चालताना त्यांचं विज्ञान सुरू व्हायचं. तुळस चोवीस तास ओझोन सोडते. टाळ वाजवला की तळहातातले बिंदू दाबले जाऊन हृदयविकार टळतो. हे सगळं म्हणे परदेशातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. कोणी, कुठे, कधी, असं विचारलं की उत्तर एकच, ‘मोबाइलवर आलंय ताई, खोटं कसं असेल?’

माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. तुळस इतर हिरव्या झाडांसारखीच उजेडात प्राणवायू सोडते आणि अंधारात आपल्यासारखीच श्वास घेते. ओझोन जास्त प्रमाणात छातीत गेला तर फुप्फुसांना त्रासच होतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘तुमची श्रद्धा कमी पडते.’ त्या दिवशी मी हरिपाठाला मागे बसले, त्यांच्या शेजारी नको म्हणून. माझ्या पुढे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली बाई रोज चालत होती. घामाने तिचं कपाळ चिकचिक व्हायचं, चुंबळ सरकायची, तरी ती वृंदावन दुसरीकडे द्यायची नाही. तिला ओझोनचं काय?

फलटण सोडलं त्या दुपारी डाव्या टाचेवरचा फोड चपलेच्या पट्ट्याखाली इतका ताणला की विडणीच्या पुढे पाऊल टेकवेना. डांबर पोळत होतं. बाभळीच्या विरळ सावलीत बसले. दिंडी पुढे गेली. मागून येणाऱ्या दिंड्या एकेक करून गेल्या, प्रत्येकीचा ‘ज्ञानोबा-तुकाराम’ वेगळ्या चालीत. मला त्या क्षणी कुणाचाच नको होता.

एक म्हातारी थांबली. परभणीकडची. न विचारता माझा पाय मांडीवर घेतला, कमरेच्या पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिचं टोक लाल केलं. फोडाच्या कडेला बारीक टोचून पाणी काढलं, कातडी तशीच राहू दिली. मग सुईत दोरा ओवायला लागली. फोडातून दोरा ओवून टोकं बाहेर ठेवायची, म्हणजे पाणी झिरपत राहतं, ही वारीतली जुनी रीत.

‘मावशी, दोरा नको. त्या दोऱ्याच्या वाटेने जंतू आत जातात.’

‘म्या तर आजवर ठिवत आले.’ तिने माझ्याकडे पाहिलं. ‘तू पाह्यलेत का जंतू?’

‘पाहिलेत. रोज काचेखाली पाहायचे.’

‘मंग नको.’ तिने दोरा परत रिळाला गुंडाळला, धुतलेल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि टाचेला बांधली.

मला वाटलं होतं ती वाद घालेल. ती माझ्या शेजारीच बसली, भाकरी काढली, अर्धी मला दिली, वर ठेचा. वारा नव्हता. रस्त्याच्या पलीकडे एका टँकरपाशी आरोग्य खात्याचा मुलगा नळीत पाणी धरून त्यात थेंब टाकत होता. काय करतोय, तिने विचारलं. मी सांगितलं: ऑर्थोटोलिडिन टाकतोय, पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे. निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं.

‘मंजी पानी चांगलं?’

‘तसं नाही. पाण्यात मँगनीज किंवा नायट्राइट असलं तरी पिवळा रंग येऊ शकतो. आणि क्लोरीन असलं तरी पाण्यात दुसरं काही नाहीच, हे त्यावरून ठरत नाही.’

‘मंग पिवळं झालं, इतकंच सांगावं त्यानं.’

तिला मी काय सांगणार? माझ्या टेबलावर येणाऱ्या किती नव्या मुलांना हे वाक्य समजावताना माझा घसा कोरडा पडला होता. दिसलं तेवढं लिही. त्याच्या पुढचं वेगळ्या रकान्यात.

मग मीच खोडी काढली. म्हटलं, मावशी, आळंदीची भिंत खरंच चालली?

ती भाकरी चावत राहिली. ‘म्या न्हाई पाह्यली. मह्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. सांगितलेलं हाय.’ मग तिने ती गोष्ट मला सांगितली, जणू मला ठाऊकच नव्हती. चांगदेव वाघावर बसून आला, हातात सापाचा चाबूक, आणि ही चार लेकरं थंडीत भिंतीवर बसलेली. त्याच्या आधीचा कोरा कागदही तिने सोडला नाही. एवढं चौदाशे वर्षांचं वय, पण ज्ञानोबांना चिरंजीव म्हणावं का तीर्थरूप, हे त्याला उमगेना, म्हणून त्याने काहीच न लिहिता कागद धाडला. मुक्ताई त्याला कोरा म्हणून हसली, हे सगळे सांगतात. म्हातारी म्हणाली, ‘पर नसलेलं त्यानं लिवलं न्हाई बाई. म्हणून तर त्याला पासष्ट ओव्या भेटल्या.’

चांगदेव पासष्टी मी वाचलेली आहे. असा अर्थ मला कधी सुचला नव्हता. तिची भिंत खोटी नाही, कारण ती मोजून पाहिल्याचा दावा ती करत नाही. तिच्या गोष्टीत भिंत चालते ती चांगदेवाचा ताठा उतरवण्यासाठी, आणि सांगताना तिचा स्वतःचाही आवाज खाली आला होता. खोटा आहे तो ओझोन. न केलेल्या प्रयोगाचा शिक्का गोष्टीवर मारला की गोष्टही जाते आणि विज्ञानही.

कशावरून कोण जाणे, मी तिला बाबांचं सांगून टाकलं. आजार पोटात पसरला होता. भावाने सगळ्यांना बजावलं होतं, त्यांना कळता कामा नये, रिपोर्ट चांगला आहे म्हणायचं. एका संध्याकाळी बाबांनी मला सरळ विचारलं, तू असले कागद वाचतेस, माझा वाचलास का? मी वाचला होता. सांगितलं. तेव्हापासून भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याला वाटतं, मी त्यांचे शेवटचे महिने हिरावले.

म्हातारीने चूक का बरोबर काही म्हटलं नाही. तिने विचारलं, ‘बसून सांगितलंस का उभ्यानं?’

‘बसून. हात हातात घेऊन.’

‘मंग झालं,’ ती म्हणाली आणि पदर झटकून उठली.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसा सांगताना माउली बोलण्यावर येतात, ‘साच आणि मवाळ’. मी ते दोन गुण एकामागून एक वाचत आले होते. त्या रस्त्यावर ते मला एकत्र दिसले, आणि टाच दुखत असूनही पिंप्रदपर्यंत मी तिच्या मागे चालले. तिथे तिची दिंडी तिला सापडली. नाव मी विचारलं नाही, तिनेही नाही.

बरडच्या तळावर समाजआरतीला उशिरा पोहोचले. चोपदारांनी चोप उंचावला, टाळ थांबले, आणि हरवल्या-सापडल्याचा पुकारा सुरू झाला. एक घड्याळ, एक चष्मा, पैशांची एक पुरचुंडी. एवढ्या गर्दीत, जिथे कुणी कुणाला ओळखत नाही, सापडलेले पैसे कुणीतरी आणून दिले होते. ते ओझोनवाले गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनीही दुपारी रस्त्यात सापडलेली एक चांदीची जोडवी जमा केली होती. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हा गेला. ओझोनवरचा अजून आहे.

नातेपुते, माळशिरस कसं गेलं आठवत नाही. पाऊस लागला, राहुटीत चिखल झाला, जोडीदारणीशी चादरीवरून भांडण झालं. वेळापूरला धावा झाला, लोक वेड्यासारखे पळाले, मी लंगडत. त्या रात्री भावाला फोन लावला. त्याने उचलला.

‘पाय कसे आहेत?’

‘टाचेला फोड आला होता. फुटला. बरा होतोय.’

बराच वेळ तो दिंडीचं, जेवणाचं, पावसाचं विचारत राहिला. मग म्हणाला, ‘तू सांगितलंस तेव्हा बाबा नेमकं काय म्हणाले होते?’ इतक्या दिवसांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मी ट्रकच्या चाकाला टेकून खाली बसले आणि सांगायला लागले.