पांढरं पडलेलं बिल

कॅमेऱ्याची जुनी बॉडी घेताना सगळे शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उडालं तो आकडा, विचारतात. बिल साध्या प्रिंटरचं आहे की थर्मल कागदावरचं, हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. म्हणून सोनी ए-सेव्हन थ्री पसंत पडल्यापासून हातात यायला एकोणीस दिवस लागले, आणि त्यातले अठरा एका बिलाने खाल्ले.

कॅनन सोडून सोनी का, यावर वाद नको. माझा कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री आजही उत्तम चालतो. पण ९५० ग्रॅमची बॉडी आणि दीड किलोची ७०-२०० लेन्स घेऊन मांडवात सहा तास उभं राहिलं की मान कुरकुरायला लागते. शिवाय आरतीच्या अंधुक उजेडात डोळ्यावर फोकस धरणं त्या बॉडीला जमत नाही. सोनीची बॉडी बॅटरी-कार्डासकट ६५० ग्रॅम. मॉडेल २०१८चं, २४ मेगापिक्सेल. लग्नाच्या अल्बमला यापेक्षा जास्त लागत नाही.

तपासणी पाऊण तासात आटोपली. विकणारे काका वास्कोचे, धंदा आवरता घेत होते, त्यांनी काहीच लपवलं नाही. तरी क्रम सांगते. कार्ड आपलं न्यावं आणि दोन्ही खाचांत घालून पाहावं. खालची खाच क्रमांक एक, तीच यूएचएस-टू, म्हणजे जलद कार्डांची. वरची कमी वेगाची. शटर काउंटसाठी कार्डावरची मूळ जेपेग थेट लॅपटॉपवर घेऊन एक्झिफटूल या फाइलमधली लपलेली माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडायची. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेल्या फाइलमध्ये ही माहिती उरत नाही, त्यामुळे लांबच्या विक्रेत्याला फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवायला सांगा. काकांचा आकडा ६१ हजार निघाला. कंपनी दोन लाख म्हणते, पण ती हमी नव्हे. या मॉडेलच्या शटरची पाती त्याआधीच अडकल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत, म्हणून आकडा वाचून थांबू नये. मेन्यूत इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन बंद करा, नाहीतर पुढचा पडदा हलतच नाही आणि परीक्षा एकट्या मागच्या पडद्याची होते. मग एक आठ-हजारांश सेकंदाला पांढऱ्या भिंतीचे वीस-पंचवीस फोटो काढा. एका कडेला काळपट पट्टा दिसला तर पडदा रेंगाळतोय, सौदा तिथेच सोडा.

सेन्सरसाठी एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, फोकस बिघडवून, मोकळ्या आकाशाचा एक फोटो. धुळीचे ठिपके चालतात, साफ होतात. गोव्यात मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते: लेसर. संगीतच्या रात्री, क्लबमध्ये, किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत जे दिवे फिरतात, त्यांचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सरवर कायमचा रंगीत ठिपका किंवा आडवी-उभी रेघ उमटते. लेन्सला झाकण लावून, आयएसओ वाढवून चार फोटो काढा आणि शंभर टक्के मोठे करून बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी रेघ असेल तर ती साफसफाईने जात नाही, सेन्सर बदलावा लागतो, आणि तो खर्च जुन्या बॉडीला परवडत नाही.

खाऱ्या हवेची खूण बाहेरून दिसते. हॉट शूवरचं, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेवरचं, झाकण काढून आतली टोकं पाहा, बॅटरीच्या कप्प्यातली पट्टी पाहा, बुडाचे स्क्रू पाहा. हिरवट पावडर किंवा तांबूस गंज दिसला तर आतही तेच चाललंय असं धरा. हॉट शूवर फ्लॅश उडवूनच बघावा. सूक्ष्म एचडीएमआयचं तोंड हलत असेल तर व्हिडिओवाल्यांनी ती बॉडी घेऊ नये. बंद असताना हलवल्यावर आत खडखड ऐकू येते, ते सेन्सर स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेचं आहे. घाबरू नका, मी घाबरले होते.

भाव ७८ हजार ठरला. मग काकांनी कपाटातून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं बिल काढलं. कागद कोरा. वरच्या कोपऱ्यात दुकानाच्या नावाची फिकट सावली, बाकी पांढरं. ऑक्टोबर २०१९चं, मडगावच्या दुकानातलं.

थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. ऊन आणि दमट हवा तो घालवतेच, पण मऊ पीव्हीसीचं पाकीट सगळ्यात वाईट, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन लेपात उतरून अक्षरं पुसतं. म्हणजे काकांनी जितकं जपलं तितकं ते लवकर गेलं. लॅमिनेट करायलाही जाऊ नका, उष्णतेने अख्खा कागद काळा होतो. स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवला की कधी कधी अक्षरं उठतात. आमच्या बिलावर फक्त तारखेतला "१०" उठला.

बिलाशिवाय घेतला असता तर काय बिघडलं असतं, असं घरच्यांनी विचारलं. सांगते. चोरीच्या मोबाइलसाठी आयएमईआयवरून शोध घेणारी सरकारी सोय आहे, कॅमेऱ्यासाठी तशी काही नाही. उद्या कोणी बॉडीच्या क्रमांकासह तक्रार घेऊन आला, तर चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याचं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं ३१७, आपल्याला लागू नाही हे दाखवायला कागदच हवा. विम्याचं टेबल पहिला प्रश्न बिलाचाच विचारतं. परदेशातलं लग्न मिळालं तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं लागतं, म्हणजे परत येताना शुल्काचा प्रश्न उठत नाही. तिथेही बॉडी कोणाची, हे दाखवावं लागतं. आणि पुढे मीच ती विकायला काढली, की माझा गिऱ्हाईकही हेच विचारणार.

तेव्हा दुकानात गेलो. पहिल्या दिवशी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, २०१९चा डेटा जुन्या कॉम्प्युटरात आहे, फाल्यां येयात, म्हणजे उद्या या. दुसऱ्या खेपेला अकाउंट्सवाल्या बाई भेटल्या. मी "डुप्लिकेट बिल" मागितलं. त्या म्हणाल्या, डुप्लिकेट ट्रान्सपोर्टरची असते, गिऱ्हाईकाला मिळत नाही. मला वाटलं टाळतायत. पण जीएसटीच्या नियमांत मालाच्या बिलाच्या तीन प्रती असतात: मूळ घेणाऱ्याची, डुप्लिकेट वाहतूकदाराची, ट्रिप्लिकेट विकणाऱ्याची. त्या नियमाने बरोबर होत्या आणि मी चुकीचा शब्द घेऊन हटून बसले होते. मागायचं ते असं: "मूळ बिल पुन्हा छापून, शिक्का आणि सही करून द्या." या एका शब्दाने माझे पाच दिवस खाल्ले.

तिसऱ्या खेपेला उत्तर आलं, इतकं जुनं ठेवत नाही. यावर मात्र गप्प बसू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. २०१९-२० या वर्षाच्या बिलासाठी हा काळ निदान २०२६ अखेरपर्यंत जातो. हे मी आवाज न चढवता सांगितलं. आवाज चढवायची इच्छा नव्हती असं नाही. मागे रांगेत फ्रिज घ्यायला आलेलं एक कुटुंब उभं होतं, त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं.

मग खरी अडचण कळली. डेटा होता, बिल सापडत नव्हतं. दुकानाचं सॉफ्टवेअर मोबाइल नंबरावरून शोधतं आणि काकांनी तो नंबर २०२१ मध्ये बदलला होता. नावावर शोधलं तर त्याच आडनावाची दीडशे बिलं. बॉडीचा क्रमांक घातला तर काहीच नाही, कारण बिलावर क्रमांक छापायची त्यांची पद्धतच नव्हती. गिऱ्हाईक आठवणीवर बोलतो आणि दुकान नंबरावर शोधतं. अशा वेळी मधला दुवा बँक असते. काकांनी बँकेचं त्या महिन्याचं स्टेटमेंट काढलं. कार्डाने भरलेली नेमकी रक्कम आणि तारीख मिळाली, आणि त्या दिवसाच्या विक्रीत तेवढ्या रकमेचं एकच बिल निघालं. म्हणून दुकानात जाण्याआधी तारीख, रुपयापर्यंत नेमकी रक्कम, पैसे कसे भरले ते, तेव्हाचा मोबाइल नंबर आणि बॉडीचा क्रमांक, हे सगळं एका कागदावर लिहून न्या. अर्ज साध्या कागदावर, दोन प्रतींत, एकीवर पोच घेऊन. पोच मागितल्याबरोबर मालक स्वतः केबिनमधून बाहेर आले, हे नमूद करते.

तरी एक अडथळा उरलाच. बिलावर मॉडेल "आयएलसीई-७एम३के" आणि बॉडीच्या बुडाखाली "आयएलसीई-७एम३". विम्याच्या टेबलावर लगेच, मॉडेल जुळत नाही. शेवटचा "के" म्हणजे किट, बॉडीबरोबर २८-७० लेन्स. बॉडीच्या पट्टीवर तो "के" कधीच नसतो. काकांनी लेन्स आधीच विकली होती, तेही विक्रीपत्रात लिहून घेतलं. शिवाय मालकांकडून बिलावर हाताने बॉडीचा क्रमांक लिहून शेजारी शिक्का मारून घेतला. अठराव्या दिवशी. बिल पुन्हा थर्मल कागदावरच आलं. बाहेर पडून पहिल्या झेरॉक्सच्या दुकानात चार प्रती काढल्या.

विक्रीपत्र आम्ही दोघांनी साधंच केलं. दोघांची नावं-पत्ते, आधारचे शेवटचे चार अंक, मॉडेल, क्रमांक, शटर काउंट, बरोबर दिलेल्या वस्तू, रक्कम, तारीख, सह्या. पैसे यूपीआयने एकरकमी, म्हणजे बँकेत नोंद राहिली. कॅमेरा हप्त्यांवर घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आधी मागा. तेच नसेल तर बिल असून उपयोग नाही. काकांचा हप्त्यांवरचा नव्हता. दुकान बंद पडलं असेल आणि बिल मिळणारच नसेल, तर खोक्यावरच्या क्रमांकाची पट्टी, वॉरंटी नोंदणीचा ईमेल आणि बँकेचं स्टेटमेंट, हे तिन्ही एकत्र असल्याशिवाय मी तरी पुढे गेले नसते.

ब्रँड बदलताना बॉडीपेक्षा आजूबाजूचं सामान जास्त छळतं. कॅननची ७०-२०० मी ठेवली, सिग्माच्या एमसी-११ अडॅप्टरवर. सिग्मा तो आपल्या लेन्सेससाठीच असल्याचं सांगते, पण कॅननच्या चालतात. सलग फोटोंचा वेग उतरतो आणि व्हिडिओत ऑटोफोकसवर भिस्त ठेवू नये. रोजच्या कामाला टॅमरॉन २८-७५, एफ/२.८, ५५० ग्रॅम. कॅननची सीएफ कार्डं सोनीत बसत नाहीत, ती निकालात निघाली. गोडॉक्सचे कॅननवाले फ्लॅश मात्र विकू नका: सोनीवर लावून टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला फ्लॅशचा जोर, मिळत नाही, पण बॉडीवर गोडॉक्सचा सोनीवाला ट्रिगर, म्हणजे फ्लॅशला बिनतारी इशारा देणारं यंत्र, लावला की स्टँडवरचे तेच फ्लॅश टीटीएलसकट चालतात. मी एक घाईत विकला, अजून जीव जळतो. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर, ३.००च्या आधीचं असेल तर नवं चढवून घ्या. एप्रिल २०१९च्या त्या आवृत्तीपासून शटर अर्धं दाबताच डोळा पकडला जातो, आणि मी बदल केला तो त्याच्याचसाठी.

आणखी एक. ही बॉडी बंद केली तरी शटर उघडंच राहतं, लेन्स काढली की सेन्सर थेट हवेत. मिरामारच्या किनाऱ्यावर वाऱ्यात लेन्स बदलण्याची डीएसएलआरची सवय सोडावी लागते. बॉडीचं तोंड खाली धरून, पाठ वाऱ्याकडे करून, नाहीतर गाडीत बसून बदलावी. पावसाळ्यात ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर. तीसच्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं. कॅबिनेट नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग बदलला की भाजून परत वापरता येतं.

कॅननची जुनी खोकी आवरताना माझ्या ७०-२००चं बिल सापडलं. तेही थर्मल, तेही पाकिटात. रक्कम आणि क्रमांकाचे पहिले सहा आकडे अजून वाचता येतात. बाकीचे लेन्सवरून उतरवून मागे पेनाने लिहिलेत.