मुंबईत बांधलेल्या फ्रिगेटची मापं घ्यायला: ग्रीनिच, हार्टलपूल, डंडी

मुंबईच्या गोदीत १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेलं 'एचएमएस ट्रिंकोमाली' हे फ्रिगेट, म्हणजे शिडांचं मध्यम आकाराचं लढाऊ जहाज, आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूलच्या एका डॉकमध्ये तरंगतं आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ते सागवानात बांधलं गेलं. कील, म्हणजे तळाचा कणा, आपले कोळी ज्याला पठाण म्हणतात ते बसवताना, पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला होता. या जहाजाचं १:६४ मापाचं मॉडेल करायचं, तेही १८१७ सालचं, म्हणून हा प्रवास आखला.

क्रम मुद्दाम असा ठेवला: आधी ग्रीनिचला नकाशे, मग हार्टलपूलला जहाज, शेवटी डंडीला त्याच वर्गातलं दुसरं जहाज. बरेच जण उलट करतात. थेट जहाजावर जातात, पाचशे फोटो काढतात आणि घरी आल्यावर कळतं की हवं ते एकच माप राहिलं. नकाशा हातात असला की तो कुठे गप्प आहे ते दिसतं, आणि जहाजावर जाऊन तेवढंच मोजायचं असतं.

ग्रीनिचला जायला लंडनहून डीएलआर गाडीनं कटी सार्क स्टेशनला उतरायचं. नॅशनल मेरिटाइम म्युझियम तिथून चालत दहा मिनिटांवर. प्रवेश फुकट आहे, पण नकाशे भिंतीवर टांगलेले नाहीत. ब्रिटिश नौदलाचे जुने जहाज-नकाशे या संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, बहुतेकांचा क्रमांक 'झेडएझेड' या अक्षरांनी सुरू होतो. भारतातूनच ऑनलाइन सूचीत क्रमांक शोधून ठेवावा, मूळ कागद बघायचा असेल तर आधी लिहून वेळ ठरवावी, आणि कामासाठी मोठ्या आकाराची प्रत मागवावी. पडद्यावरच्या छोट्या चित्रावरून फ्रेम, म्हणजे जहाजाच्या बरगड्या, कापायचा विचारसुद्धा करू नये.

नकाशा समोर आला की सर्वांत आधी शीर्षक वाचायचं. कोणतं जहाज, कोणती गोदी, कोणतं वर्ष, आणि हा बांधण्याआधीचा आराखडा आहे की बांधून झाल्यावर 'आहे तसा' काढलेला. ट्रिंकोमाली हे लीडा वर्गाचं जहाज. या वर्गाचा आकार १७८२ मध्ये पकडलेल्या 'एबे' या फ्रेंच फ्रिगेटवरून उचललेला आहे, आणि वर्गातली जहाजं अनेक वर्षं, वेगवेगळ्या गोद्यांत बांधली गेली. त्यामुळे 'लीडा वर्ग' एवढंच लिहिलेला नकाशा मिळाला तर तळाचा आकार बिनधास्त घ्यावा. पिछाडी, कठडे आणि वरची मांडणी मात्र घेऊ नये. नंतरचे फेरफार पुष्कळदा त्याच कागदावर वेगळ्या शाईत काढलेले असतात. काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये दोन्ही रेषा एक होतात, म्हणून प्रत रंगीतच हवी.

याच जहाजाच्या नकाशांचा पहिला संच मुंबईला पोचलाच नव्हता. तो घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने लढाईत हरवलं आणि नंतर जाळून टाकलं. दुसऱ्या प्रती येईपर्यंत थांबावं लागलं. कील १८१६ मध्ये बसली.

आता मापाचं. हे नकाशे बहुधा १:४८ चे, म्हणजे पाव इंचाला एक फूट. १:६४ साठी ते बरोबर ७५ टक्क्यांवर छापायचे. गनडेकची, म्हणजे तोफांच्या मजल्याची, लांबी १५० फूट साडेचार इंच, म्हणजे १:६४ ला ७१६ मिलिमीटर. रुंदी सुमारे ४० फूट, म्हणजे १९० मिलिमीटर. पण दोनशे वर्षांत कागद आकसलेला असतो, आणि लांबीत नि रुंदीत सारखाच आकसत नाही. म्हणून नकाशावरची मापपट्टी मोजायची. १०० फुटांची पट्टी १:४८ ला ६३५ मिलिमीटर भरायला हवी. ती ६३१ भरली तर नकाशावर संपूर्ण लांबीत सहा, आणि १:६४ ला साडेचार मिलिमीटरची खोट येते. उभ्या दिशेला पट्टी नसते. तिथे लिखित मापांवरून, उदाहरणार्थ रुंदीवरून, वेगळं गुणोत्तर काढायचं आणि संगणकात आडवं-उभं वेगवेगळं ताणायचं. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद आहे ना, ते दर वेळी बघायचं.

दुसरी चूक याहून जास्त मॉडेलं बिघडवते. नकाशातल्या बॉडी प्लॅनच्या, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदांच्या, रेषा फळ्यांच्या बाहेरच्या अंगाच्या नसतात, फ्रेमच्या बाहेरच्या अंगाच्या असतात. छापील रुंदी मात्र फळ्या धरून दिलेली असते. तळाची फळी तीन इंच धरली तर १:६४ ला ती १.२ मिलिमीटर होते. दोन्ही बाजूंची मिळून २.४. किटच्या सवयीनं दीड मिलिमीटरचा आतला थर आणि एक मिलिमीटरचा बाहेरचा असं दुहेरी काम केलं तर दोन्ही बाजूंना मिळून पाच मिलिमीटर चढतात आणि जहाज पोटानं फुगतं. दुहेरी फळ्या लावायच्या असतील तर प्रत्येक फ्रेम कापण्याआधीच कडेनं १.३ मिलिमीटर आत घ्यावी. स्टेशनच्या, म्हणजे हे छेद कुठले ते सांगणाऱ्या, खुणाही तपासून घ्याव्यात: गोलात फुली असलेली खूण सर्वांत रुंद जागेची, तिथून पुढे अक्षरं आणि मागे आकडे. दोन्हींची सरमिसळ झाली की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पिछाडीला जाते.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून हार्टलपूलला थेट गाडी आहे, सुमारे तीन तासांची. स्टेशनवरून संग्रहालय पायी गाठता येतं. जुन्या बंदराचा देखावा उभारलेला आहे आणि त्याच्या मधोमध डॉकमध्ये जहाज. काळं अंग, पांढरा पट्टा, पट्ट्यावर काळ्या झडपांची रांग.

इथेच वर्षाचा प्रश्न उभा राहतो. १८१९ मध्ये ट्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचलं आणि पंचवीसेक वर्षं राखीव म्हणून पडून राहिलं. १८४५ पासून ते पुन्हा सज्ज केलं तेव्हा पिछाडीचा आकार बदलला, तोफा कमी पण जड केल्या आणि त्याला कॉर्व्हेट, म्हणजे फ्रिगेटहून खालच्या दर्जाचं जहाज, ठरवलं. आज जे उभं आहे ते मुख्यतः या दुसऱ्या रूपात. म्हणजे १८१७ चं मॉडेल करणाऱ्यानं पिछाडीचा एकही फोटो प्रमाण मानायचा नाही. चौकोनी पिछाडी फक्त नकाशातूनच येणार. मुंबईत बांधलेलं जहाज म्हणून कौतुकानं केलेली, पण मागून १८४७ ची आणि तोफांनी १८१७ ची अशी मॉडेलं होतात, आणि वाईट वाटतं, कारण बाकीचं काम सुरेख असतं. दोन्ही वर्षं चांगली आहेत. एक निवडावं आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

पट्ट्याच्या रंगालाही हेच लागू. नेल्सनच्या काळात तो पिवळट गेरूचा असे, पांढरा नंतर रुळला. आतल्या सगळ्या तोफाही आजच्या प्रतिकृती समजाव्यात. मूळच्या मुख्य डेकवर २८ तोफा होत्या, अठरा पौंडी, म्हणजे अठरा पौंडांचा गोळा टाकणाऱ्या. आठ फुटी नळी १:६४ ला ३८ मिलिमीटर, आणि तोंडाचं भोक ५.२९ इंचांचं, म्हणजे २.१ मिलिमीटर. ब्लूमफील्ड पद्धतीच्या तोफेला मागच्या गोळ्यावर दोर ओवायची एक कडी असते. बाजारात मिळणाऱ्या ओतीव नळ्यांना पुष्कळदा ती नसते. अर्ध्या मिलिमीटरच्या पितळी तारेची कडी करून डाग द्यावा.

मोजायला सोबत काय न्यावं? पाच मीटरचा टेप, लेझर मीटर, ओळंबा, व्हर्नियर, आणि दहा-दहा सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवलेली एक मीटरची काठी. काठी मोजायच्या वस्तूच्या पातळीतच धरायची. तीन मीटरवरून फोटो घेताना ती तीस सेंटिमीटर पुढे राहिली तर फोटोत मोठी दिसते आणि वस्तूचं माप दहा टक्के कमी निघतं. मोबाइलच्या रुंद लेन्सनं सबंध जहाज एका चौकटीत घ्यायचा मोह आवरावा, कडा वाकतात. धक्क्यावरून जहाजाला समांतर चालत, ठरावीक अंतरावर थांबत, लांब लेन्सनं सात-आठ तुकडे घ्यावेत, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा यायला हवा. ढगाळ दिवस मिळाला तर उत्तम; कडक उन्हात काळ्या अंगावरच्या फळ्यांचे सांधे दिसतच नाहीत.

तोफेच्या खिडकीपाशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला. बाहेरून ती साधी चौकट वाटते. ओळंबा सोडला की कळतं: बाजूच्या दोन कडा सरळ उभ्या आहेत, खालची आणि वरची कड मात्र डेकच्या वाकाबरोबर कलती जाते. म्हणजे मध्यभागी चौकट जवळपास काटकोनात, आणि नाळेकडे जाईल तशी ती किंचित तिरकी. सगळ्या खिडक्या एकाच चौकोनी ठोकळ्यावर घासून केल्या की रांग पायऱ्यांसारखी दिसते, आणि नजरेला काहीतरी खटकत राहतं पण काय ते सापडत नाही. यावर उपाय म्हणजे खालच्या कडेसाठी डेकच्या वाकाला धरून एक पातळ लवचीक पट्टी आधी टाचायची, तिच्यावर खिडक्यांचे मध्य नकाशावरून आखायचे आणि उभ्या कडा गुण्यानं कीलशी काटकोनात काढायच्या.

डेकच्या फळ्या बघताना लक्षात ठेवावं की त्यातल्या कित्येक १९९० ते २००१ च्या दुरुस्तीत बसवलेल्या आहेत. रुंदी, सांध्यांची रीत बघायला त्या चालतात. दहा इंची फळी आपल्याकडे चार मिलिमीटर. फळ्यांमधली डांबराची फट पाव इंच धरली तर ०.१ मिलिमीटर. काळा दोरा किंवा काळा कागद मधे घालणारे तिची तिप्पट करतात. फळीच्या एका कडेला मऊ पेन्सिल फिरवली की पुरे.

नाळेवरचा पुतळा मुंडासं बांधलेल्या, मिशाळ पुरुषाचा. त्याचे फोटो दोन्ही बाजूंनी, समोरून आणि खालून घ्यावेत. मुंडाशाचे पेच खालूनच उलगडतात.

लाकडाबद्दल इथेच लिहितो, कारण हा प्रश्न हमखास येतो: जहाज सागवानी, मग मॉडेलही सागवानाचं का नको? सागाचे रेषे या मापाला फार मोठे. मॉडेलवर ते भेगांसारखे दिसतात, आणि लाकडाच्या तेलकटपणामुळे गोंदही नीट धरत नाही. त्याऐवजी हळदू, कोकणात ज्याला हेद म्हणतात, ते घ्यावं. पिवळसर, बारीक पोताचं, एक मिलिमीटरपर्यंत न तुटता चिरता येतं. गरम पाण्यात अर्धा तास भिजवून नाळेच्या वळणाला वाकवलं तर रात्रभर शिकंज्यात ठेवावं. ओलं असताना चिकटवलं तर सुकताना आकसून सांधे उघडतात.

पाण्याखालचा भाग जहाज तरंगतं असल्यानं हार्टलपूलला दिसत नाही, तो सगळा नकाशावरच. अशा फ्रिगेटच्या तळाला चार फूट गुणिले चौदा इंचांचे तांब्याचे पत्रे असत: १:६४ ला १९ गुणिले साडेपाच मिलिमीटर. पिछाडीकडून सुरुवात करून पुढे यायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी सांध्यात शिरत नाही. खिळ्यांचे फुगीर टिपके उठवलेले तयार पत्रे टाळावेत, खरे खिळे पत्र्याच्या पातळीत ठोकलेले असत.

डोलकाठ्या आणि दोरखंड मात्र हार्टलपूलला पोटभर बघता येतात. कप्प्यातून दोर कसा जातो, कुठल्या खुंटीला बांधला जातो, हे फोटोत क्रमानं नोंदवावं: वरून खाली, एक दोर पूर्ण झाल्यावर दुसरा. जाडीसाठी त्या काळच्या तक्त्यांकडे जावं लागतं, आणि तक्त्यांत दोराचा परीघ दिलेला असतो, व्यास नाही. पंधरा इंची दोर म्हणजे पावणेपाच इंच व्यासाचा, १:६४ ला १.९ मिलिमीटर. पंधरा हाच व्यास समजलं तर मॉडेलवर सहा मिलिमीटरचा सोल येतो.

हार्टलपूलहून न्यूकॅसल, तिथून एडिनबरोमार्गे डंडी. टे नदीवरचा लांब पूल ओलांडला की शहर येतं, आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'एचएमएस युनिकॉर्न'. १८२४ मध्ये चॅटमला पाण्यात उतरलेलं, लीडा वर्गाचंच सुधारित जहाज. त्याच्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत; वर छप्पर घालून राखीव ठेवलं, म्हणून आतलं लाकूड टिकलं. वरचं काही शिकायला इथे येऊ नये. खाली उतरावं, डोकं वाकवून, टॉर्च घेऊन.

तुळया कशा बसल्यात, फळीचा जोड तुळईवरच कसा येतो, शेजारच्या फळ्यांचे जोड किती तुळया सोडून पुढे आहेत, हे इथे हातभर अंतरावरून मोजता येतं. पण एका गोष्टीपासून सावध. युनिकॉर्नमध्ये नौदलाचे जहाज-रचनाकार सर रॉबर्ट सेपिंग्ज यांची नवी पद्धत वापरलेली आहे, तुळई आणि फ्रेमच्या कोनातले आधार लोखंडी आहेत. ते बघून तसेच १८१७ च्या मुंबईच्या जहाजात घालायचे नाहीत. मी वहीत दोन रकाने केले: डावीकडे नकाशानं दुजोरा दिलेलं, उजवीकडे फक्त युनिकॉर्नवर दिसलेलं. संध्याकाळी जहाज बंद व्हायच्या वेळी डावीकडे एकतीस नोंदी होत्या, उजवीकडे बारा. त्या बारांपैकी एकही मॉडेलमध्ये जाणार नाही.