तुम्ही विचारलंत म्हणून: आपलंच तेल, मग महाग का?

परभणीत पंपावर मॅनेजर आहे. सकाळी सहाला नवा रेट लागला की कुणीतरी बोर्डाकडे बघत विचारतंच, साहेब, मुंबईच्या समुद्रात आपलंच तेल निघतं ना, मग आपल्यालाच महाग का?

निघतं की, 1976 पासून निघतंय, पण ते क्षेत्र आता म्हातारं झालंय आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं 85 टक्क्यांच्या वर बाहेरूनच येतं, शिवाय आपलं निघतं तेही रिफायनरीला जगाच्या भावाने विकतात. शेजाऱ्याची तूर आपल्याला मोंढ्यापेक्षा स्वस्त मिळते का?

मग दुसरा म्हणतो, सगळा सट्टा आहे हो. थोडाफार आहेच. 2008 च्या जुलैत क्रूड, म्हणजे कच्चं तेल, बॅरलला 147 डॉलरवर गेलं आणि डिसेंबरात 40 च्या खाली, आता चीनची मागणी खरी होती, नंतरची मंदीही खरी, पण पाच महिन्यांत जग एवढं कमी तेल जाळायला लागलं असं मला तरी पटत नाही. पण सट्टेवाला भाव फक्त चढवतो असंही नाही, आमच्या साडूंना विचारा. 20 एप्रिल 2020, लॉकडाऊनमुळे वायदेबाजार, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आज होतात तो बाजार, संध्याकाळी पाचलाच बंद, क्रूडचा भाव बॅरलला साडेनऊशे रुपयांच्या आसपास, यांनी एक लॉट, म्हणजे ठरलेल्या मापाचा एक सौदा, घेऊन ठेवलेला, म्हणे आता अजून किती पडणार! रात्री अमेरिकेत तेल ठेवायला टाक्या उरल्या नाहीत म्हणून भाव शून्याच्याही खाली, उणे 37 डॉलर. आपल्याकडचा सौदाही त्याच भावाला बांधलेला, म्हणून सेटलमेंट, म्हणजे शेवटचा हिशेब, झालं बॅरलला उणे 2,884 रुपयांनी. लॉट 100 बॅरलचा, म्हणजे पावणेचार लाखांच्या वर गेले, आणि बायकोला आठ दिवस सांगितलं नव्हतं त्यांनी.

त्या दिवसांत पंपावर जो तो विचारायचा, तेल फुकट झालं म्हणे, आमचा रेट कधी उतरणार? 5 मेच्या रात्री केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे 10 आणि डिझेलवर 13 रुपये ड्युटी, म्हणजे कर, वाढवली, क्रूड पडल्याचा फायदा तिथेच गेला, बोर्ड जिथल्या तिथे. चढताना मात्र तो कुणासाठी थांबत नाही.

आणि राहिलं परभणीचं, तर आमचा टँकर मनमाडच्या डेपोतून येतो, तीनशेच्या आसपास किलोमीटर, त्याचं भाडंही तुमच्याच लिटरमध्ये असतं. आलाच बघा टँकर, डिप घेतो, म्हणजे काठी घालून तेल मोजतो.