बडोद्याच्या काकू आणि त्यांच्या डेलिली

बडोद्याला गेले ती फक्त डेलिली बघायला, म्हणजे लिलीसारखी फुलं येणारी बागेतली झाडं. लक्ष्मी विलास पॅलेस आणि सयाजीबाग एका दुपारी उरकली. मार्चअखेरचं ऊन असं की सावली सोडवेना. सेव उसळ मात्र झकास होती, घाम फुटेपर्यंत तिखट.

आईच्या ओळखीतल्या एक काकू बडोद्यातल्याच अकोटा भागात राहतात. मूळ घर दांडिया बाजारातलं, कित्येक पिढ्या बडोद्यातच. नोकरीतून मोकळ्या झाल्यावर त्यांनी घरामागची हिरवळ खणून काढली आणि तिथे डेलिली लावल्या. आता त्या नवीन वाण तयार करतात, रोपं कुरियरने विकतात. माळ्याशी गुजराती, माझ्याशी मराठी, दोन्ही एकाच दमात.

उजाडतंय तोच हाक आली, "अगं ऊठ, ऊन चढलं की बोंड धरत नाही."

डेलिलीचं फूल एकाच दिवसाचं. पहाटे उमलतं, संध्याकाळी मान टाकतं. एकेका दांड्यावर कळ्या भरपूर असतात म्हणून बहर चालू राहतो, पण आजचं फूल आजच. काकूंनी चिमट्याने पिवळ्या फुलातला एक पुंकेसर खुडला आणि शेजारच्या गर्द जांभळ्या फुलातून बाहेर आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला हलकेच टेकवला. टोकावर पूड चिकटलेली स्पष्ट दिसली. मग देठाला चिठ्ठी बांधली. आधी आईचं नाव, मधे गुणिलेची खूण, मग बापाचं. धरलं तर दीड-दोन महिन्यांत बोंड तडकतं आणि आत काळ्या चकचकीत बिया असतात.

वाटेल ती जोडी जमत नाही. साध्या डेलिलीत २२ गुणसूत्रं, कोल्चिसिन हे रसायन वापरून दुप्पट केलेल्या टेट्रा वाणांत ४४, आणि या दोघींचं सहसा जुळत नाही. जुन्या बागांतून दिसणारी ती केशरी डेलिली तर बहुतेक त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, तिला बी जवळजवळ धरतच नाही. ती फुटव्यांवरच पसरते. काकूंच्या फ्रीजमध्ये पाडव्याच्या श्रीखंडाशेजारी परागकणांच्या डब्या होत्या. आज फुललेल्या बापाची पूड, पुढच्या महिन्यात फुलणाऱ्या आईसाठी. इतकी काळजी मी कुणाला कशाची घेताना पाहिलेली नाही.

आणि मग आम्ही मागच्या वाफ्यांकडे गेलो. तिथे बियांपासून वाढवलेली रोपं पहिल्यांदाच फुलली होती. काकू एकेका फुलासमोर वाकायच्या, दांडा बोटांनी हलवून बघायच्या, आणि सरळ खुरपं घालून रोप उपटून पाटीत टाकायच्या. एक फिकट गुलाबी, आत हिरवट गळा असलेलं फूल होतं. मला फार आवडलं होतं. तेही पाटीत गेलं.

मी म्हटलं, "काकू, हे मला द्या ना."

"नाही. असं फूल आधीच ढिगाने आहे."

त्यांचं खरं होतं. वाणांची नोंद ठेवणारी अमेरिकेतली डेलिली सोसायटी १९४६ पासूनची, आणि आजवर नोंदवलेले वाण लाखाच्या पुढे गेलेत. पण म्हणून फुललेलं रोप खतात? मला राग आला, आणि तो मी लपवला नाही. शेजाऱ्यांना वाटा, रस्त्याकडेला लावा, असं सगळं बोलून झालं.

काकूंनी शांतपणे ऐकलं. मग ऑगस्ट २०२४ चा पूर सांगितला. विश्वामित्री नदीचं पाणी अंगणात शिरलं, ओसरल्यावर बघतात तर बरीच झाडं जिवंत, पण चिठ्ठ्या वाहून गेलेल्या. आई कोण, बाप कोण, काही कळेना. त्या रोपांवर पुढचा संकर करायचा तरी कसा? "टाकाऊ रोप बाहेर गेलं की माझं म्हणून फिरतं," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी त्याला दुसरंच नाव देईल आणि विकेल." तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मोबाइलवर निळ्याशार डेलिलीचा फोटो घेऊन. ऑनलाइन बी मागवलं होतं, उगवलं ते गवत. खरी निळी डेलिली अजून कुणालाच जमलेली नाही, हे काकूंनी त्यांना बसवून, चहा देऊन समजावलं. असं बी विकणाऱ्यांची मला भयंकर चीड येते.

नावाचा मुद्दा मला पटला. उपटण्याचा अजूनही नाही.

निघताना दोन रोपं विकत घेतली. काकूंनी मुळांची माती धुतली, पानं वीतभर ठेवून छाटली, वर्तमानपत्रात गुंडाळली. अशी ती आठवडाभर सहज टिकतात. गेल्या वर्षीच्या एका संकराचं बीही दिलं, आईबापाच्या नावांसकट. "फुललं की फोटो पाठव. आणि नावाशिवाय कुणाला द्यायचं नाही."

फुलायला दोनेक वर्षं लागतील. नावं मी जपेन, पण एकही रोप उपटणार नाही, हे काकूंना दारातच सांगून टाकलं.