ऑस्टिनमधलं दगडी घर आणि दोन वर्षांचा आर्थर

टेक्ससच्या सहलीचे चार दिवस एका ओळीत संपतात: सॅन अँटोनिओ, ह्यूस्टनचं नासा, फ्रेडरिक्सबर्ग आणि बाकी सगळा वेळ हायवे. फ्रेडरिक्सबर्ग १८४६ साली जर्मन माणसांनी वसवलं, म्हणून मी मोठ्या आशेने गेले होते. मुख्य रस्त्यावर वाइनची दुकानं, तिथे ही गर्दी आणि ऊन असं की डोळे उघडवेनात. माळरानावर संसार मांडलेल्या त्या बायकांबद्दल काही कळावं, ही माझी इच्छा राहूनच गेली.

ती पुरी झाली ऑस्टिनला, लेकीच्या घरापासून दहा मिनिटांवर. हाइड पार्क भागात झाडांआड चुनखडीच्या दगडाचं एक घर आहे, एका अंगाला बुरूज असलेलं. एलिझाबेट नाय या शिल्पकार बाईने १८९२ साली बांधून घेतलेली ही कार्यशाळा. आता तिथे तिचं संग्रहालय आहे, तिकीट नाही. उंच खिडक्यांतून येणाऱ्या मऊ उजेडात प्लास्टरची पांढरी माणसं उभी असतात. ही म्युन्स्टरच्या पाथरवटाची मुलगी. शिल्पकला शिकू देत नाहीत म्हणून आईबापांसमोर अन्न सोडून बसली होती. पुढे म्युनिकच्या अकादमीत शिल्पकला शिकणारी ती पहिली स्त्री ठरली. तत्त्वज्ञ शोपेनहाउअर, जर्मन मुत्सद्दी बिस्मार्क, बव्हेरियाचा राजा असे सगळे पुतळ्यासाठी तिच्यासमोर बसले.

नातवाला कडेवर घेऊन मी एकेक पुतळा बघत होते. तिथल्या एका बाईंनी त्याचं वय विचारलं. दोन, म्हटल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि मग आर्थरची गोष्ट सांगू लागल्या.

एलिझाबेट आणि तिचा नवरा एडमंड माँटगोमेरी हा स्कॉटिश डॉक्टर, १८७१ मध्ये जर्मनी सोडून जॉर्जियातल्या थॉमसव्हिलला आले. सोबत सेन्सी ही ऑस्ट्रियातल्या टायरॉलची मदतनीस. तिथे आर्थर झाला. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा, लॉर्न. १८७३ मध्ये त्यांनी टेक्ससमध्ये हेम्पस्टेडजवळ लिएंडो नावाचा मळा घेतला. गुलामांच्या कष्टांवर उभा राहिलेला कापसाचा मळा तो. त्याच वर्षी आर्थर डिप्थेरियाने गेला. साथ पसरू नये म्हणून आईबापांनी त्याला घरातल्या चुलाण्यातच दहन दिलं, आणि त्याआधी तिने त्याच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घेतला, असं सांगतात.

डिप्थेरिया म्हणजे आमचा घटसर्प. माझा मोठा भाऊ त्यानेच गेला, मी जन्मायच्या आधी. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे अग्नी देत नाहीत. त्याला ओढ्याकाठी पुरलं. आईने त्याचं नाव कधी घेतलं नाही. दिवाळीआधी पेटी रिकामी करून सगळे कपडे उन्हात टाकायची, पण तळाची लाल खणाची कुंची बाहेर यायची नाही. एकदा मी हात घातला, तर बोटांना तिची विरलेली कड लागली आणि आईने माझं मनगट धरलं. ती रागावली नाही. नुसतं धरून ठेवलं.

आर्थर गेल्यावर जवळजवळ वीस वर्षं एलिझाबेटच्या हातून फारसं शिल्प झालं नाही. मळा कधी धड चालला नाही, कर्ज वाढत गेलं. तिने नवऱ्याचं नाव लावलं नव्हतं, १८६३ मध्ये मदेरा बेटावर झालेलं लग्नही ती कबूल करायची नाही, त्यामुळे गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! लॉर्नला तिने इतर मुलांत मिसळू दिलं नाही. मोठेपणी तो तिच्यापासून तुटला. याला लोक तिचा ताठा म्हणाले. मला त्यात भीती दिसते. माझी आई मला पावसात भिजू द्यायची नाही, कुणाच्या घरचं पाणी पिऊ द्यायची नाही. मी तिला फार टोचून बोललेली आहे, आणि ते आता परत घेता येत नाही.

घटसर्पावरचं प्रतिविष जर्मनीतच निघालं, एमिल फॉन बेरिंगच्या हातून, पण १८९० मध्ये. आर्थरला त्याचा काय उपयोग!

या घरात आल्यावर ती पुन्हा कामाला लागली. सॅम ह्यूस्टन आणि स्टीफन ऑस्टिन या टेक्सस घडवणाऱ्या दोघांचे पुतळे केले. ते इथल्या विधानभवनात आहेत. मी मात्र शेक्सपिअरच्या नाटकातल्या लेडी मॅकबेथपाशी अडकले. झोपेत चालणारी बाई, मान वळलेली, दोन्ही हात एकमेकांत पिळलेले. मूळ संगमरवरी मूर्ती वॉशिंग्टनला आहे, इथे प्लास्टरची. त्या बोटांकडे बघत मी किती वेळ उभी होते कोण जाणे.

"आई, चल ना गं, याची झोपेची वेळ झाली," लेक म्हणाली.

लिएंडोला जायचं राहिलं. १९०७ मध्ये एलिझाबेट वारली, तिला तिथेच ओकच्या झाडांखाली पुरलं. चार वर्षांनी एडमंडलाही तिच्या शेजारी. जावयाच्या सुट्टीत ते बसेना.

गाडीत नातू लगेच झोपला. मी लेकीला विचारलं, "याची सगळी इंजेक्शनं झालीत ना?"

"कधीच झाली. का गं?"

"तुला आणखी एक मामा होता," मी म्हणाले.